डब्यात एक टक्का, पेशीजवळ किती?

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली संध्याकाळ. डार्करूममधून एमएस्सीची विद्यार्थिनी बाहेर आली, ओली फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली आणि म्हणाली, "मॅडम, कोबाल्टचा बँड आलाय. डब्यातल्या पेशींचा आलाच नाही. तिसरी वेळ आहे ही." फिल्मच्या उजव्या टोकाला १२० किलोडाल्टनच्या खुणेजवळ एक ठसठशीत काळी पट्टी होती. डावीकडच्या सहा लेन कोऱ्या होत्या. (ही वेस्टर्न ब्लॉट नावाची चाचणी. पेशीतली प्रथिनं जेलवर वजनानुसार वेगळी करायची, किलोडाल्टन हे त्या वजनाचं एकक, आणि हवं ते प्रथिन अँटिबॉडीने ओळखून फिल्मवर काळ्या पट्टीच्या, म्हणजे बँडच्या, रूपात बघायचं. एका नमुन्याची एक लेन.)

त्या सहा कोऱ्या लेनचं पुढे काय झालं, ते इथे सविस्तर मांडते आहे. कमी ऑक्सिजनमध्ये कर्करोगाच्या पेशी कशा वागतात, हा विषय घेऊन दरवर्षी बरीच मुलं प्रकल्प करतात आणि त्यातली बरीच याच ठिकाणी अडतात. विद्यार्थिनीच्या संमतीने लिहिते आहे. तिचं आणि संस्थेचं नाव मात्र देत नाही. मी तिची गाईड होते आणि या प्रकरणातली पहिली मोठी चूक माझ्या कागदातली होती, हेही आधीच सांगते.

प्रश्न तिचा होता

सहा महिन्यांच्या प्रकल्पाला येणारी बहुतेक मुलं "मॅडम, तुम्ही द्याल तो विषय" असं म्हणतात. ही मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजातून बीएस्सी करून पुण्याला आलेली, आणि येताना प्रश्न घेऊनच आली. सुट्टीत महिनाभर तिने एका रुग्णालयाच्या पॅथॉलॉजीत प्रशिक्षण घेतलं होतं. तिथे तंबाखू-चुन्याने, मिश्रीने तोंडाचा कर्करोग झालेली माणसं तिने रोज पाहिली. किरणोपचार आणि सिस्प्लॅटिन हे कर्करोगाचं औषध दिल्यावर गाठ बसते आणि काही जणांत काही महिन्यांनी त्याच जागी पुन्हा उठते, हे तिथल्या डॉक्टरांच्या बोलण्यातून तिने ऐकलं. गाठीच्या आत असं काय असतं की तिथल्या पेशी वाचतात, हे तिला शोधायचं होतं.

प्रश्न जुना आहे आणि चांगला आहे. १९५५ साली इंग्लंडमध्ये थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. रक्तवाहिन्यांपासून साधारण १८० मायक्रोमीटरच्या पलीकडे त्यांना मेलेल्या पेशी दिसल्या. श्वास घेणाऱ्या ऊतीतून ऑक्सिजन झिरपत किती लांब जाईल, याचं गणित त्यांनी केलं, तर उत्तर जवळपास तेवढंच आलं. म्हणजे दोन केसांच्या जाडीइतकं अंतर. जिवंत आणि मेलेल्या पेशींच्या सीमेवर एक पातळ थर उरतो. तिथल्या पेशींचा श्वास कोंडलेला असतो, पण त्या जिवंत असतात. किरणोपचारात खरा त्रास देतात त्या याच. ऑक्सिजन नसताना तेवढ्याच पेशी मारायला अडीच ते तीन पट मात्रा लागते, कारण किरणांनी डीएनएवर केलेली जखम ऑक्सिजनमुळे पक्की होते. डेन्मार्कमध्ये डोकं-मानेच्या कर्करोगात किरणोपचारासोबत निमोराझोल नावाचं औषध देतात. तिथल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. हे औषध किरणांपुढे ऑक्सिजनची उणीव काही अंशी भरून काढतं. तेव्हा हा प्रश्न थेट रुग्णाच्या खाटेपर्यंत जातो.

दुसरा धागा २०१९ च्या नोबेलचा. ग्रेग सेमेंझा, पीटर रॅटक्लिफ आणि विल्यम केलिन यांना ते मिळालं, तेव्हा ही मुलगी कॉलेजात नुकतीच गेली होती आणि त्या दिवशीचं वर्तमानपत्राचं कात्रण तिने ठेवलं होतं. पेशीत 'हिफ-१ अल्फा' नावाचं एक प्रथिन सतत तयार होत असतं. ऑक्सिजन पुरेसा असेल तर काही एन्झाइम त्याच्यावर ऑक्सिजन वापरून एक खूण करतात. ती खूण व्हीएचएल हे प्रथिन ओळखतं आणि हिफ कचऱ्यात जातं. ऑक्सिजन नसला की खूण होत नाही, हिफ साचतं, केंद्रकात जातं आणि शेकडो जनुकं जागी करतं. ग्लुकोज जास्त ओढणारी, नव्या रक्तवाहिन्यांना बोलावणारी, आम्ल बाहेर टाकणारी. या सगळ्यात आमच्या प्रकरणाशी जोडलेला आकडा एकच आहे. ऑक्सिजन मिळताच हिफ-१ अल्फाचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, पाच मिनिटांच्या आसपास असतं. तो आकडा तिला पाठ होता, मलाही. तरी तीन ब्लॉट वाया गेले.

डबा

हायपॉक्सियासाठी, म्हणजे कमी ऑक्सिजनमधल्या कामासाठी, वेगळं बंद वर्कस्टेशन असतं. त्याच्यात हात घालून आतल्या आतच सगळं काम करता येतं. ते आमच्याकडे नाही, आणि मला माहीत असलेल्या बहुतेक कॉलेजांत नाही. आमच्याकडे आहे तो पारदर्शक प्लास्टिकचा, रबरी कडेचा, क्लॅम्पने आवळायचा डबा. पोळ्यांच्या मोठ्या डब्याएवढा. आत दोन जाळ्या, तळाला पाण्याची एक उघडी डिश. सिलिंडरमधून १ टक्का ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि उरलेला नायट्रोजन असं मिश्रण एका नळीतून आत सोडायचं, दुसऱ्या नळीतून आतली हवा बाहेर जाऊ द्यायची. चार-पाच मिनिटांनी दोन्ही नळ्यांना चिमटे लावायचे आणि डबा ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायचा. सिलिंडर आमचे मामा लिफ्ट बंद असेल तर जिन्यावरून वर आणतात, आणि त्या जड लोखंडाकडे पाहून मुलीला प्रत्येक लिटरची किंमत कळायची. गॅस ती पुरवून पुरवून वापरायची. तेही पुढे नडलं.

पेशी तोंडाच्या कर्करोगाच्या, प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या एका पेशीरेषेतल्या. आखणी साधी होती. काही डिश नेहमीच्या इन्क्युबेटरमध्ये, काही डब्यात. दोन्हीकडे सिस्प्लॅटिनच्या वाढत्या मात्रा. (सिस्प्लॅटिन सलाइनमध्येच विरघळवायचं. डीएमएसओ या द्रावकात ते निकामी होतं. हे तिने मला विचारण्याआधीच वाचलेलं होतं.) शेवटी किती पेशी जगल्या ते एमटीटी चाचणीने बघायचं आणि डब्यातल्या पेशींना खरंच ऑक्सिजन कमी पडला याचा पुरावा म्हणून हिफ-१ अल्फाचा वेस्टर्न ब्लॉट करायचा. पुराव्याची खात्री म्हणून एका डिशमध्ये कोबाल्ट क्लोराइड. कोबाल्टमुळे खूण करणारी एन्झाइम बंद पडतात आणि साध्या हवेतही हिफ साचतं.

फेब्रुवारीअखेर एमटीटीचे आकडे आले. त्यांच्यावर विश्वास ठेवला असता तर कमी ऑक्सिजनमध्ये सिस्प्लॅटिन जवळपास काहीच करत नव्हतं. औषध घातलेल्या आणि न घातलेल्या खड्ड्यांत (या चाचणीच्या प्लेटमधल्या पेशींच्या छोट्या खळग्यांत) फरकच उरला नव्हता. ती फार आनंदली होती. मग ब्लॉट आला आणि त्यात हिफ नव्हतं. प्रतिकार आहे पण हिफ नाही, असं चित्र झालं. तीनदा तेच आल्यावर तिने वहीत लिहिलं: 'ही पेशीरेषा हायपॉक्सियाला हिफमार्फत प्रतिसाद देत नाही. नवा शोध?'

ते प्रश्नचिन्ह तिने टाकलं होतं, हे मला फार मोलाचं वाटतं. तीनदा एकच उत्तर आलं की माणूस त्याला सत्य मानायला लागतो. पण तिन्ही वेळा पेशी त्याच हाताने, त्याच कागदावरच्या पायऱ्यांनी काढल्या होत्या. चूक पायऱ्यांत असेल तर तीही तिन्ही वेळा तितकीच नेमाने येणार.

कोबाल्टची पट्टी काय सांगत होती

पीएचडी करणारा आमचा एक विद्यार्थी आहे, लॅबमधली मुलं त्याला दादा म्हणतात. त्याने सुचवलं, "डबा सोड. कोबाल्टच वापर, हिफ मस्त येतंय." हा सल्ला वाईट हेतूचा नव्हता. अशा प्रकल्पांत तो सर्रास दिला जातो. मी नाही म्हणाले, आणि का ते इथे नीट लिहिते.

कोबाल्ट हिफ वाढवतं, पण पेशीचा ऑक्सिजन काढून घेत नाही. मायटोकॉन्ड्रिया श्वास घेतच राहतात. किरणांची जखम पक्की करणारा ऑक्सिजन तिथेच असतो. वर कोबाल्टचा स्वतःचा विषारीपणा. 'हिफ वाढल्यावर काय होतं' असा प्रश्न असेल तर कोबाल्ट एक साधन आहे. 'गाठीच्या आतल्या कोंडलेल्या पेशी औषधाला का दाद देत नाहीत' या प्रश्नाला ते उत्तर देऊ शकत नाही. मुलीचा प्रश्न दुसरा होता.

आणि त्याहून आमच्या कामाची गोष्ट म्हणजे, कोबाल्टच्या त्या ठसठशीत पट्टीनेच आमची दिशाभूल केली होती. पट्टी आली म्हणजे अँटिबॉडी चांगली, जेल चांगलं, ट्रान्सफर (प्रथिनं जेलवरून पडद्यावर नेणं) चांगलं, एवढंच सिद्ध होतं. आम्ही मात्र त्यावरून 'पद्धत चांगली आहे' असं धरून बसलो. कोबाल्टची डिश आयुष्यभर हवेतच होती. ती डब्यात कधी नव्हतीच, त्यामुळे बाहेर काढताना काही बिघडण्याचा प्रश्नच नव्हता. डब्यातली डिश बाहेर काढताना काय होतं, याची परीक्षा आमच्या प्रयोगात कुणीच घेत नव्हतं.

फिल्मवरची सावली

दुसऱ्या दिवशी तिने तोच ब्लॉट पुन्हा लावला आणि फिल्म एक मिनिटाऐवजी पंधरा मिनिटं ठेवली. कोबाल्टची लेन काळीकुट्ट होऊन पसरली. डावीकडे मात्र, पहिल्या लेनमध्ये, योग्य उंचीवर एक पुसट सावली उमटली. दुसऱ्या लेनमध्ये त्याहून पुसट. तिसरीपासून काही नाही. खाली अ‍ॅक्टिन या सगळ्या पेशींत असणाऱ्या प्रथिनाच्या पट्ट्या सहाही लेनमध्ये सारख्या होत्या, म्हणजे प्रथिन कमी-जास्त भरलेलं नव्हतं.

तिने फिल्म टेबलावर ठेवली आणि शेजारी वही उघडली. सहाही डिश सारख्याच होत्या, एकाच डब्यातल्या, एकाच दिवशीच्या. मग पहिली आणि सहावी यांत फरक कशाचा? ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मॅडम, मी याच क्रमाने काढल्या होत्या."

तिथून सगळं उलगडलं. आमच्या लॅबचा प्रथिनं काढण्याचा कागद मी आठ वर्षांपूर्वी लिहिलेला. त्यात पायऱ्या अशा: मीडियम (पेशी ज्यात वाढतात तो पोषक द्रव) काढा, बफरने दोनदा धुवा, ट्रिप्सिन (पेशी डिशपासून सुट्या करणारं एन्झाइम) घालून पाच मिनिटं इन्क्युबेटरमध्ये ठेवा, पेशी गोळा करा, पाच मिनिटं सेंट्रिफ्यूज करा, पुन्हा धुवा, मग लायसिस बफर (पेशी फोडून प्रथिनं बाहेर काढणारा द्राव). अ‍ॅक्टिन, ट्युब्युलिन, केराटिन यांच्यासाठी हे ठीक आहे. ती प्रथिनं तासन्‌तास टिकतात. हिफसाठी हा कागद म्हणजे नाश होता. पहिली डिश लायसिसपर्यंत पोहोचायला पंधराएक मिनिटं, सहावी अर्ध्या तासाच्या पुढे, आणि हे सगळं हवेतला ऑक्सिजन विरघळलेल्या बफरमध्ये, वर ३७ अंशांची ऊब. पाच मिनिटांचं अर्धायुष्य धरलं तर पंधरा मिनिटांत आठवा हिस्सा उरतो. अर्ध्या तासात चौसष्टावा. अंक आम्हा दोघींना पाठ होता, पण तो कागदावरच्या पायऱ्यांशी कुणी जुळवून पाहिला नव्हता. ते काम माझं होतं.

पुढचा प्रयोग तिने स्वतः आखला आणि मला तो अजून आवडतो. एकाच डब्यात चार डिश. डबा उघडल्यावर पहिली एका मिनिटात, दुसरी पाचव्या, तिसरी दहाव्या आणि चौथी विसाव्या मिनिटाला थेट उकळत्या एसडीएस बफरने (पेशी लगेच फोडणाऱ्या साबणासारख्या द्रावाने) विरघळवायची. धुणं नाही, ट्रिप्सिन नाही. मीडियम ओतून द्यायचं, बफर ओतायचा, खरवडायचं. फिल्म आली तेव्हा कुणी काही बोललं नाही. पहिली पट्टी कोबाल्टच्या बरोबरीची. दुसरी डोळ्यांना साधारण निम्मी. तिसरी पुसट. चौथी कोरी. तिच्या पेशी हिफ तयार करत होत्या. आधीही करत होत्या. आम्हीच ते टेबलावर नेईपर्यंत गमावत होतो.

डिशच्या तळाशी

इथे थांबता आलं असतं. पण पुढच्या ब्लॉटमध्ये उलटीच गोष्ट दिसली. नेहमीच्या इन्क्युबेटरमधल्या डिशमध्ये, जिथे हिफ नसायलाच हवं, तिथे फिकट पट्टी. दादाने या वेळी नेमका प्रश्न विचारला: "कंट्रोल डिश किती भरली होती?" वहीत नोंद होती: पूर्ण भरलेली, मीडियम पिवळट. मीडियममधला फिनॉल रेड आम्ल वाढलं की लालाचा पिवळा होतो. त्या पेशी दाटीत होत्या आणि आंबवणावर जगू लागल्या होत्या.

हे समजायला डिशची उंची बघावी लागते. पेशी तळाला चिकटलेल्या असतात, ऑक्सिजन वर हवेत असतो आणि मधे मीडियम. मीडियम कुणी ढवळत नाही, ऑक्सिजन त्यातून नुसता झिरपत खाली येतो. मीडियमची उंची दुप्पट केली की तळाशी पोहोचू शकणारा ऑक्सिजन निम्मा होतो. तिने ६० मिलिमीटरच्या डिशमध्ये सहा मिली मीडियम घातलं होतं, कारण सिलिंडरचा गॅस कोरडा असतो, दोन दिवसांत मीडियम सुकेल, अशी तिला भीती होती. सहा मिली म्हणजे जवळपास तीन मिलिमीटरचा थर. खाली पेशींची गर्दी, प्रत्येक जण श्वास घेतोय. वर हवा असूनही तळाशी टंचाई झाली.

हाच हिशेब डब्याला लावला की चित्र आणखी बिघडतं. तिथे वर एकच टक्का, म्हणजे झिरपण्याला जोर विसाव्या हिश्शाइतका. दाट डिशमध्ये तळाच्या पेशींजवळ एक टक्का नसतो, शून्याच्या आसपास असतो. याउलट पेशी विरळ असतील तर पहिले कित्येक तास तळाशी एक टक्क्याहून बराच जास्त ऑक्सिजन असतो, कारण मीडियममध्ये आधीच विरघळलेला ऑक्सिजन निघायला वेळ लागतो आणि डिशचं प्लास्टिकही स्वतःत ऑक्सिजन धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं. तीन तास सहज जातात, कधी त्याहून जास्त. म्हणून डबा तासाभराने पुन्हा एकदा गॅसने भरायचा असतो. गॅस वाचवायला तिने ते टाळलं होतं.

म्हणजे वहीत जिथे '१% ऑक्सिजन, २४ तास' असं लिहिलं होतं, तिथे सिलिंडरवरच्या चिठ्ठीचा आकडा होता. पेशीजवळ कधी आठ टक्के, कधी तीन, कधी जवळपास काहीच नाही, असं काहीही असू शकत होतं. शेजारच्या विभागाकडून दोन दिवसांसाठी ऑक्सिजन मोजणारा छोटा प्रोब उसना मिळाला. तो डिशच्या तळाशी टेकवून ती डब्यापाशी बसली आणि दर दहा मिनिटांनी आकडा लिहीत गेली. आकडा किती सावकाश उतरतो, हे तिने पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. त्या दुपारी ती जेवायला गेली नाही. मावशींनी चहा आणून दिला.

'नॉर्मल' या शब्दाबद्दलही तेव्हाच बोलणं झालं. इन्क्युबेटरमध्ये ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि वाफ असते, त्यामुळे तिथला ऑक्सिजन २१ च्या ऐवजी साडेअठरा टक्क्यांच्या आसपास असतो. शरीरातल्या बहुतेक निरोगी ऊतींत तो तीन ते सात टक्के असतो. म्हणजे आपण ज्याला नॉर्मल म्हणतो ती पेशीच्या दृष्टीने ऑक्सिजनची चैन आहे, आणि आमची तुलना चैनीशी चालली होती. पाच टक्क्यांचा तिसरा गट हवा होता. त्याला वेगळा सिलिंडर लागतो आणि तेवढे पैसे प्रकल्पात नव्हते. तिने ही मर्यादा प्रबंधात स्पष्ट लिहिली. आणखी एक बारीक गोष्ट तिचीच: पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे, इथे हवेचा दाब कमी, त्यामुळे इथला एक टक्का म्हणजे पाऱ्याचे सात मिलिमीटर, मुंबईतला साडेसात. फरक छोटा आहे, पण तिने तो टक्क्यांशेजारी लिहिला याचा मला अभिमान वाटला.

एमटीटीचं कोडं

आता तो सुरुवातीचा मोठा प्रतिकार. एमटीटीमध्ये पिवळ्या रंगद्रव्याचं जांभळं करतात ती पेशीच्या चयापचयातली एन्झाइम. जांभळा रंग जितका गडद तितक्या जास्त जिवंत पेशी, असं आपण मानतो. कमी ऑक्सिजनमध्ये पेशीचा चयापचयच बदलतो, त्यामुळे तेवढ्याच पेशींचा रंग वेगळा पडू शकतो. तिच्या डब्यातल्या खड्ड्यांत तर दाटी, आम्ल, संपत आलेलं ग्लुकोज, सगळंच होतं. औषध न घातलेल्या खड्ड्यांचं रीडिंगच तळाला गेलं होतं. औषधाने ते आणखी खाली जायला जागाच उरली नव्हती. गुणोत्तर काढलं की औषधाचा परिणाम शून्य, म्हणजे 'पूर्ण प्रतिकार'. तिची पहिली आनंदाची बातमी अशी बनली होती.

तिला ते सांगताना मला वाईट वाटलं. ती वर्गात पहिली येणारी, आणि एप्रिल उजाडला होता. तिने विचारलं, "मग फेब्रुवारीचं सगळं फेकायचं?" मी म्हणाले, फेकायचं नाही, परिशिष्टात घालायचं, कारणासकट.

पुन्हा

एप्रिल आणि मे तिने कामाची घडीच बदलली. पेशी निम्म्या लावल्या. मीडियम तीन मिली, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आतला थर, आणि ते आदल्या रात्री सैल झाकणाच्या बाटलीत डब्यात ठेवून आधीच ऑक्सिजन काढलेलं. सुकू नये म्हणून पाण्याच्या दोन डिश. तासाभराने पुन्हा गॅस. एका डब्यात चारच डिश, आणि डबा उघडताना शेजारी दुसरी मुलगी स्टॉपवॉच घेऊन उभी. "चाळीस... पन्नास... मिनिट झालं," असं ती मोठ्याने म्हणायची. हिफ प्रत्येक वेळी आलं. सोबत सीए-९ आणि ग्लुट-१ या, हिफ जागी करतं त्यांतल्या, दोन जनुकांचे आरएनएही वाढलेले दिसले. ते हिफसारखे पाच मिनिटांत उडत नाहीत, म्हणून पुरावा दुहेरी झाला. पहिल्याच दिवशी हे दोन मोजले असते तर तीन ब्लॉट वाचले असते. आता आमच्याकडे ते आधी मोजतात.

एमटीटीच्या जागी वसाहतींची मोजणी आली. औषध आणि कमी ऑक्सिजनचे २४ तास संपले की पेशी सुट्या करायच्या, मोजून थोड्याच नव्या डिशमध्ये टाकायच्या, साध्या इन्क्युबेटरमध्ये दहा-बारा दिवस सोडून द्यायच्या. जी पेशी खरोखर वाचली तिचीच वसाहत होते. पन्नासाहून जास्त पेशींचा ठिपका म्हणजे एक. क्रिस्टल व्हायोलेटने रंगवल्यावर डिश जांभळी टिकली लावल्यासारखी दिसते. ती पेनने खालून एकेक ठिपक्यावर खूण करत मोजायची, आणि कुठली डिश कुठल्या गटाची हे दादाने कागद चिकटवून झाकून ठेवलेलं असायचं.

ही मोजणी तीनदा झाली आणि तिन्ही वेळा दिशा एकच आली. कमी ऑक्सिजनमध्ये सिस्प्लॅटिन दिलेल्या पेशी हवेतल्यांपेक्षा जास्त वाचल्या. पण फरक फेब्रुवारीच्या मानाने कितीतरी लहान. आणि त्याच्या शेजारी तिने एक साधी गोष्ट मोजली होती: औषधाशिवायच्या डब्यातल्या पेशी त्या २४ तासांत कमी विभागल्या होत्या. सिस्प्लॅटिन डीएनएत गाठी मारतं आणि त्याचा फटका विभागणाऱ्या पेशींना जास्त बसतो. तेव्हा पेशी वाचल्या त्या हिफने त्यांना काही शिकवलं म्हणून, की नुसत्या संथ झाल्या म्हणून? हे वेगळं करायला हिफ बंद केलेल्या पेशी हव्यात. त्या करायला वेळ उरला नव्हता.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "हा प्रतिकार हिफमुळेच कशावरून?" माझा श्वास अडकला. ती म्हणाली, "सर, हिफमुळे असं मी म्हटलेलं नाही. कमी ऑक्सिजनमध्ये हिफ आहे, पेशी संथ आहेत आणि जास्त वाचतात, ही तीन निरीक्षणं आहेत. त्यांच्यातला दुवा मी दाखवलेला नाही." परीक्षकांनी प्रबंधाचं पान उलटलं आणि प्रोबच्या आलेखाबद्दल विचारायला लागले. तो आलेख त्यांनी वीस मिनिटं पाहिला. नंतर चहाच्या वेळी त्यांनी त्याची प्रत मागून घेतली.

यंदा तोच प्रश्न पुढे न्यायला दुसरा मुलगा आला आहे. हिफ बंद करण्यासाठी लागणारं सामान आलंय आणि पाच टक्क्यांच्या सिलिंडरची मागणी मंजूर झाली आहे. प्रथिनं काढण्याचा माझा जुना कागद भिंतीवरून काढला. त्या जागी तिच्या अक्षरातला कागद आहे, आणि त्याची पहिली ओळ लाल पेनने लिहिलेली आहे: 'क्लॅम्प सोडण्याआधी बफर उकळलाय ना ते बघा. मग स्टॉपवॉच.'